आराखड्याबाहेर

प्रबंध हातात आला की मी आधी तिसरं प्रकरण उघडते. 'संशोधन पद्धती.' समाजशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, पीएच.डी.चे विद्यार्थी सांभाळले, दुसऱ्या विद्यापीठांचे प्रबंध तपासले. त्यातून लागलेली ही खोड आहे. गुणात्मक म्हणवणाऱ्या प्रबंधातलं हे प्रकरण हमखास कर्मणी प्रयोगात असतं. गावं निवडण्यात आली, मुलाखती घेण्यात आल्या, माहितीचं विश्लेषण करण्यात आलं. वाचताना वाटावं, की संशोधक सकाळी न्याहारी करून निघाला, ठरलेल्या गावात ठरलेल्या माणसांना भेटला, त्यांनी ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली आणि संध्याकाळच्या एसटीने तो घरी परतला. शेवटच्या प्रकरणात गृहीतक क्रमांक एक सिद्ध होतं, दोन सिद्ध होतं, तीनही होतं. आपल्याकडे गृहीतक नापास झाल्याचं क्वचितच ऐकू येतं.

माणसांत राहून, त्यांचं ऐकून केलेलं कोणतंही काम असं घडत नाही. माझं तर म्हणणं असं, की मुंबई-पुण्यात ज्यांनी समाजशास्त्र आणि मानवशास्त्र उभं केलं, त्या पिढीतल्या जवळपास प्रत्येकाच्या डॉक्टरेटची कथा ही आराखडा मोडल्याची कथा आहे. कुणाचा मार्गदर्शक गेला, कुणाचा प्रश्न बदलला, कुणाला पुराव्याने गाइडच्या विरुद्ध बाजूला नेऊन उभं केलं. ही माणसं वाकली कुठे आणि ताठ राहिली कुठे, हे पाहण्यासारखं आहे.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग 1919 साली सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस, वनस्पतिशास्त्रातून नगररचनेत आलेले स्कॉटिश गृहस्थ. विभागाचा संस्थापकच एका शास्त्रातून दुसऱ्यात चालत आलेला होता, हे मला नेहमी शुभशकुनासारखं वाटत आलं आहे. गेडिस यांच्याच काळात मालवणच्या एका संस्कृत एम.ए. तरुणाची परदेशी शिक्षणासाठी निवड झाली. हा तरुण म्हणजे गोविंद सदाशिव घुर्ये.

घुर्ये लंडनला गेले ते समाजशास्त्राचे प्राध्यापक हॉबहाऊस यांच्याकडे शिकायला. तिथे त्यांचं मन रमलं नाही. मग केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे त्यांनी काम सुरू केलं. रिव्हर्स मुळात डॉक्टर. पहिल्या महायुद्धात मनाने खचलेल्या सैनिकांवर त्यांनी उपचार केले होते, आणि त्याआधी, 1906 साली, निलगिरीतल्या तोडा लोकांवर त्यांचा मोठा ग्रंथ आला होता. असा गुरू मिळाला आणि 1922 च्या जूनमध्ये तो अचानक वारला. घुर्यांनी उरलेलं काम ए. सी. हॅडन यांच्याकडे पुरं केलं. एका डॉक्टरेटमध्ये तीन प्राध्यापक आणि दोन विद्यापीठं. आज आमच्याकडे गाइड बदलायचा तर दोघा गाइडांच्या ना-हरकतीपासून सुरुवात होते आणि मधे वर्ष जातं.

परतल्यावर 1924 साली घुर्ये मुंबईच्या विभागाचे प्रमुख झाले आणि 1959 पर्यंत राहिले. स्वतः ते ग्रंथालयातला माणूस. त्यांचं 1932 चं 'कास्ट अँड रेस इन इंडिया' उघडलं तर संस्कृत ग्रंथ, जनगणनेचे अहवाल आणि ब्रिटिश अधिकारी रिझलीने मोजलेली नाकं यांच्यावरचा युक्तिवाद दिसतो. विद्यार्थ्यांना मात्र ते क्षेत्रावर धाडत. आणि त्यांच्याबद्दल कुणी कितीही तक्रारी सांगितल्या तरी एक गोष्ट मान्य करावी लागते: अक्षय रमणलाल देसाई यांच्यासारखा पक्का मार्क्सवादी, चळवळीतला माणूस त्यांच्याच हाताखाली डॉक्टर झाला. देसायांचं भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरचं पुस्तक 1948 साली आलं, ते या प्रबंधातून. गाइडला न पटणारा निष्कर्ष विद्यार्थ्याने काढावा आणि गाइडने त्यावर सही करावी, हाही लवचिकपणाच. तो फारसा कुणी मोजत नाही.

घुर्यांच्या विद्यार्थ्यांपैकी म्हैसूर नरसिंहाचार श्रीनिवास यांची हकिगत मी वर्गात दरवर्षी सांगत असे. श्रीनिवास म्हैसूरचे. घुर्यांनी त्यांना कोडगू म्हणजे कुर्ग प्रांतातल्या कोडवा लोकांवर काम करायला सांगितलं. त्यांनी 1940 नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिथे हिंडून लग्नं, मर्तिकं, कुलदैवतं, गाणी, घराण्यांच्या चालीरीती असं मिळेल ते टिपलं. त्या सगळ्याचा जाडजूड प्रबंध मुंबई विद्यापीठाला 1944 साली सादर झाला. पद्धत घुर्यांच्या शाळेतली: सगळं गोळा करा, सगळं नोंदवा, तुलना करा.

पुढच्या वर्षी श्रीनिवास ऑक्सफर्डला गेले. डोक्यात वेगळीच योजना होती. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांच्या धर्तीवर भारतीय संस्कृतीच्या आकृतिबंधांचा अभ्यास करावा, असं काहीतरी. तिथले प्राध्यापक रॅडक्लिफ-ब्राउन यांनी ती बाजूला ठेवायला लावली आणि सुचवलं, की कुर्गची सामग्री हातात आहेच, तिच्याकडे धर्म आणि समाजरचना यांच्या नात्याच्या बाजूने बघ. डॉक्टर झालेल्या माणसाला असं सांगणं म्हणजे संपलेलं काम पुन्हा काढायला लावणं. श्रीनिवासांनी ते काढलं.

इथे थोडं थांबायला हवं. वह्या त्याच होत्या. कोडवांचं 'ओक्का' हे एकत्र कुटुंब, 'मंगल' नावाचा विधी, सोवळंओवळं, मूठमातीचे नियम, यातलं काहीही नव्याने घडलं नव्हतं. बदलला तो प्रश्न. मुंबईत विचारलं होतं: या लोकांत काय काय आहे? ऑक्सफर्डला विचारलं गेलं: जे आहे ते एकमेकांना धरून कसं उभं आहे? पहिल्या प्रबंधात यादीतल्या नोंदी असलेल्या गोष्टी दुसऱ्यात एकमेकींशी बोलायला लागल्या. त्यातून 1952 साली 'रिलिजन अँड सोसायटी अमंग द कुर्ग्ज ऑफ साउथ इंडिया' हे पुस्तक आलं आणि 'संस्कृतीकरण' ही कल्पना त्यातून रुळली. आज नेट-सेटच्या परीक्षेला बसणारं प्रत्येक पोर ती पाठ करतं.

मधेच आणखी एक वळण आलं. 1946 साली रॅडक्लिफ-ब्राउन निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी ईव्हान्स-प्रिचर्ड आले. म्हणजे श्रीनिवासांचाही गाइड बदलला. हे दुसरे प्राध्यापक क्षेत्रकार्याबद्दल जे सांगत ते आमच्या संशोधन समितीला ऐकवलं तर सिनॉप्सिस परत येईल. मध्य आफ्रिकेत अझांदे लोकांत गेलो तेव्हा मला चेटूक-करणीत काडीचा रस नव्हता, पण अझांदेंना होता. म्हणून त्यांच्या मागे गेलो, अशा अर्थाचं त्यांनी उतारवयात लिहून ठेवलं आहे. अझांदेंच्या चेटकावरचा त्यांचा 1937 चा ग्रंथ त्या विषयातला मुकुटमणी मानतात. आराखड्यात नसलेल्या विषयावरचा.

श्रीनिवासांच्या नशिबी याहून मोठा धक्का होता, पण तो पीएच.डी. नंतरचा. म्हैसूरजवळच्या एका गावात ते 1948 साली राहिले. पुस्तकात त्याला त्यांनी रामपुरा हे नाव दिलं. तिथल्या टिपणांवर संस्कार करून तयार केलेल्या नोंदींच्या तिन्ही प्रती घेऊन ते 1970 साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या एका अभ्यासकेंद्रात लिहायला बसले होते. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निदर्शनांचे दिवस. 24 एप्रिलला कुणीतरी लावलेल्या आगीत त्यांची खोली जळाली आणि 18 वर्षं घडवलेल्या त्या नोंदी गेल्या. सोल टॅक्स या मानवशास्त्रज्ञाने सुचवलं, की आठवेल तसं लिही. 'द रिमेम्बर्ड व्हिलेज' 1976 साली आलं, स्मरणातून लिहिलेलं, आणि पुस्तकाच्या नावातच ते सांगून टाकणारं. स्मरणातून लिहिल्यामुळे त्यात काय सुटलं यावर विद्वानांनी पुष्कळ वाद घातला. घालावाच. पण तो घालता आला याचं कारण लेखकाने काय झालं ते लपवलं नाही.

इरावती कर्वे यांचं उदाहरण गुणात्मक संशोधनाच्या चर्चेत देताना थोडं अवघड वाटतं, कारण त्यांची डॉक्टरेट कवट्या मोजण्याची होती. तरीही देते. इरावतीबाई 1905 साली ब्रह्मदेशात जन्मल्या, पुण्यात वाढल्या, मुंबईला घुर्यांकडे चित्पावन ब्राह्मणांवर एम.ए.चा प्रबंध केला. घराला लागून असलेला विषय. 1928 साली त्या बर्लिनला गेल्या. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे या परदेशगमनाच्या बाजूचे नव्हते; स्त्रीशिक्षणाचा एवढा मोठा कैवारी आपल्याच सुनेच्या बाबतीत थबकला, याचं मला अजून नवल वाटतं. पतीने साथ दिली, डॉ. जीवराज मेहतांकडून कर्ज मिळालं.

बर्लिनच्या डालेम भागातली कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूट तेव्हा नवीकोरी होती, 1927 ची. प्रमुख ऑयगेन फिशर. जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतीत मिश्र वंशाच्या लोकांवर काम करून त्यांनी नाव मिळवलं होतं. पुढे नाझी राजवटीत ते बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. इरावतीबाईंना मिळालेला विषय मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या नैसर्गिक असमानतेचा. प्राध्यापकांची अपेक्षा होती, की ही असमानता वंशानुसार बदलताना दिसेल आणि युरोपीय कवटी तिच्या बुद्धीला शोभेल अशी वेगळी निघेल. वसाहतींतून आणलेल्या कवट्याही त्या संग्रहात होत्या. बाईंनी मापं घेतली, आकडे मांडले आणि तसा वांशिक फरक दिसत नाही असं लिहिलं. वय पंचविशीच्या आतबाहेर, परका देश, परकी भाषा, पदवी देणं न देणं त्याच प्राध्यापकाच्या हातात. 1930 साली डॉक्टरेट घेऊन त्या परत आल्या.

लवचिक राहा, असा सल्ला संशोधकांना देणाऱ्यांनी ही गोष्ट जवळ ठेवावी. इथे गृहीतक वाकलं. मापं वाकली नाहीत. उलट घडलं असतं तर तेही आपल्याला फार लवचिक विद्यार्थिनी म्हणून दिसलं असतं, गाइडच्या मर्जीप्रमाणे वाकणारी. माझ्या पाहण्यात हा दुसरा प्रकार जास्त आला. मुलाखतीत जे मिळालं नाही ते गाइडला हवं म्हणून 'काही प्रतिसादकांच्या मते' अशा वाक्यात घालायचं. त्याला आमच्याकडे कुणी लवचिकपणा म्हणत नाही, 'ॲडजस्टमेंट' म्हणतात.

बर्लिनहून आणलेली मापनाची हत्यारं इरावतीबाईंनी टाकून दिली नाहीत. 1939 पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना त्या लोकांची डोकी मोजत राहिल्या, पुरातत्त्वज्ञ संकालियांबरोबर गुजरातेत लांघणजच्या उत्खननातही होत्या. पण त्यांचं नाव ज्यामुळे झालं ते 1953 चं 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' बघा. त्यात नात्याच्या संज्ञा आहेत, संस्कृत ग्रंथ आहेत, प्राकृत आहे, बायकांची गाणी आहेत. आणि आषाढात ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर चालून त्यांनी जे मराठीत लिहिलं ते तर कोणत्याच पद्धतीच्या चौकटीत बसत नाही. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगळे शिजवतात, वेगळे जेवतात, हे त्यांनी स्वतः त्या पंगतींच्या मधे उभं राहून नोंदवलं, आणि स्वतःला ते किती लागलं तेही लिहिलं. 1962 साली तो लेख इंग्रजीत एका अमेरिकन संशोधनपत्रिकेत आला तेव्हा 'मी' हा शब्द तसाच राहिला. कवटीच्या आकड्यांपासून या 'मी'पर्यंतचा प्रवास कुठल्या सिनॉप्सिसमध्ये लिहिता आला असता?

बाहेरून महाराष्ट्रात काम करायला आलेल्यांतही असे होते. ग्युंथर सोन्थायमर हे जर्मन विद्वान मूळचे कायद्याचे. लंडनमध्ये हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायदेशीर इतिहासावर त्यांनी डॉक्टरेट केली. त्यानंतर ते जे वळले ते धनगरांच्या मागोमाग माणदेशापर्यंत गेले. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ 1976 साली आला. त्याचा कणा आहे धनगरांनी रात्ररात्र गायलेल्या ओव्या. कागदपत्रांवर पोसलेल्या माणसाने पुरावा म्हणून ओवी स्वीकारावी, हे वरवर वाटतं त्याहून कठीण असतं. पण वकिलाची एक सवय त्यांनी सोडली नाही: कोण बोललं, कुठे बोललं, हे लिहून घेण्याची.

अमेरिकन इतिहासकार एलिनॉर झेलियट यांच्या कामाची परिस्थिती निराळी. 1960 च्या दशकाच्या मध्यात त्या महार चळवळीवर प्रबंध करायला इथे आल्या तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांना जाऊन दहा वर्षंही झाली नव्हती. त्यांची 'रायटिंग्ज अँड स्पीचेस' ही सरकारी ग्रंथमाला सुरू व्हायला 1979 उजाडायचं होतं. चां. भ. खैरमोड्यांचे चरित्रखंड 1952 पासून येत होते, तोच मोठा आधार. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दप्तरखान्यात बसावं हा शिरस्ता. पण महार चळवळीचं दप्तर दप्तरखान्यात नव्हतंच. ते कार्यकर्त्यांच्या घरात, ट्रंकांत, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांत आणि मुख्यतः माणसांच्या तोंडी होतं. तेव्हा इतिहासाचा प्रबंध माणसांच्या घरी बसून करावा लागला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने 1969 साली त्याला पदवी दिली. पुढची कितीतरी वर्षं तो प्रबंध झेरॉक्सच्या झेरॉक्सवर वाचला गेला. माझ्याकडची प्रत इतकी फिकट होती, की तळटिपा अंदाजाने वाचाव्या लागत. पुस्तक म्हणून तो फार उशिरा आला. दरम्यान झेलियट चोखामेळ्याकडे आणि दलित कवितेकडे वळल्या होत्या, म्हणजे ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांच्या लिहिण्याकडे.

क्षेत्रावर जाऊन प्रश्न बदलणं, आधी थोडं ऐकून मग पुढे कुणाला गाठायचं ते ठरवणं, या सगळ्याला 1967 साली ग्लेझर आणि स्ट्रॉस या दोघा अमेरिकनांनी शास्त्राचा पोशाख चढवला. कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांत मरणाच्या दारातल्या माणसांबद्दल काम करताना त्यांची ही पद्धत तयार झाली होती. आता प्रत्येक प्रबंधात त्यांची नावं येतात. नावं येतात तशी त्यांची मुभा येत नाही. नमुना पन्नास सांगितला की पन्नासच भरतो, मग पंचविसाव्या माणसानंतर नवीन काही कळेनासं झालं तरी.

नियमांचंही सांगायला हवं, कारण वेळ त्यात जातो. यूजीसीने 2009 च्या नियमांत कोर्सवर्क आणलं आणि प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची अट घातली, 2022 मध्ये ही अट काढली. सध्या नोंदणीपासून कमाल सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना आणि 40 टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत. दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची. ही सहामाही हजेरी मला वाईट वाटत नाही. प्रश्न बदलला हे सांगायची ती जागा आहे. मुलं तिथे नेमकी उलटं करतात: काहीच बदललं नाही असं दाखवण्यासाठी स्लाइड बनवतात.

माझ्या एका विद्यार्थिनीचं काम या सगळ्याच्या संदर्भात सांगते. विषय नोंदवला होता बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाचा. शीर्षकाला शेपूट होतं 'समस्या व उपाय', कारण त्याशिवाय समितीचं समाधान होत नाही. आराखड्यात साठ पालकांच्या मुलाखती, त्यांच्यासाठी प्रश्नांची अनुसूची, कारखान्याच्या तळावरची निरीक्षणं. पहिल्या हंगामात ती आजारी पडली. दिवाळी उलटली, मुकादमांचे ट्रक आणि ट्रॅक्टर गेले, पालक कोल्हापूर-सांगलीकडे आणि कर्नाटकात पोचले, आणि ही मागे घरी. बरं वाटल्यावर जानेवारीत ती गावात गेली ती निव्वळ वर्ष वाया जाऊ नये म्हणून.

निम्म्याहून जास्त दारांना कुलपं. उन्हाला बसलेल्या म्हाताऱ्या, त्यांच्या भोवती नातवंडं. "समदे गेले कारखान्याला, बाई. आता गावात आम्ही अन् ही लेकरं," असं एकीने सांगितलं आणि चहा ठेवला. संध्याकाळी हंगामी वसतिगृहाच्या नावाखाली शाळेत जेवण शिजे. मुलं तिथे जेवत आणि झोपायला आजीकडे येत. विद्यार्थिनीचा फोन आला: "मॅडम, पालक कुणीच नाहीत. अनुसूची कुणाला विचारू?"

मी तिला म्हटलं, अनुसूची पिशवीत ठेव आणि त्या बायांना दिवसभरात काय काय करावं लागतं तेवढंच विचार. आणि आज काय ठरवलं, का ठरवलं, हे तारीख घालून वेगळ्या वहीत लिही. ही वेगळी वही मी सगळ्यांनाच ठेवायला लावत असे. एकीकडे माणसं काय म्हणाली ते, दुसरीकडे आपण काय करायचं ठरवलं ते. पहिल्या वहीला हात लावायचा नाही. दुसरीत हवी तेवढी खाडाखोड चालते, फक्त खोडलेलं वाचता आलं पाहिजे.

दोन महिन्यांत तिचा प्रश्न बदलला. आईबाप सहा महिने बाहेर असताना गाव चालवतं कोण? रेशन कोण आणतं, पोराला ताप आला तर दवाखान्यात कोण नेतं, शाळेच्या कागदावर अंगठा कुणाचा? मुलांचं शिक्षण त्यात होतंच, पण एका कोपऱ्यात. शीर्षक बदलायचा अर्ज केला. समितीतल्या एका सदस्याने विचारलं, नमुना किती? दुसऱ्याने विचारलं, गृहीतक कुठे आहे? तिसऱ्या बाई गप्प होत्या, त्यांनी शेवटी विचारलं, "या म्हाताऱ्या पूर्वी स्वतः तोडीला जात होत्या का?" विद्यार्थिनी म्हणाली, जवळजवळ सगळ्याच. कमरेने नाही म्हटल्यावर मागे राहिलेल्या. अर्ज मंजूर झाला तो बहुधा या प्रश्नामुळे.

तिने साठ मुलाखती केल्या नाहीत. मोजक्या घरांत ती हंगामात आणि हंगामानंतरही पुन्हा पुन्हा गेली. माणसं परत आल्यावर त्याच म्हाताऱ्या किती कमी बोलतात, सून पुढे आली की कशा उठून जातात, हे तिला दिसलं; एकाच खेपेत साठ घरं केली असती तर दिसलं नसतं. त्यासाठी मात्र तिला प्रबंध दोनदा मोडावा लागला. तयार झालेलं साहित्याच्या आढाव्याचं प्रकरण, कारखान्यांवरच्या साखरशाळांबद्दल मेहनतीने वाचलेलं सगळं, जवळपास बाहेर गेलं. त्या आठवड्यात ती माझ्याशी नीट बोलत नव्हती, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

सर्वांत महत्त्वाचं जे हाती लागलं ते पैशाचं. तोडणीसाठी नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादमाकडून उचल घ्यायची ती कोयत्यावर. उचल घेताना नाव बहुतेक पुरुषाचं. पण किती घेतली, मागच्या सालची किती फिटली, किती अंगावर राहिली, लग्नात किती गेली, हे घरोघरी म्हाताऱ्यांना तोंडपाठ होतं. मुकादम हिशोब वाचून दाखवी तेव्हा म्हातारी ओट्यावर बसलेली असे आणि मधेच आकडा दुरुस्त करी. मूळ अनुसूचीत आजीसाठी रकानाच नव्हता. कुटुंबप्रमुखाच्या पुढे 'इतर सदस्य' एवढंच होतं.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. म्हातारीला आठवणारा आकडा खरा कशावरून? तिने वहीतली पानं काढली: कुठल्या घरात आकडा दोनदा विचारला, कुठे तो बदलला, कुठे मुकादमाच्या चिठ्ठीशी ताडून पाहता आला आणि कुठे नाही. तीन घरांत जुळत नव्हता. ते तिने प्रबंधात तसंच लिहिलं होतं, कारणाविना. परीक्षकांनी ती तीन घरं पुन्हा बघायला सांगितली. पदवीची अट म्हणून नव्हे, असं मुद्दाम म्हणाले. पदवी मिळाली, आणि त्यानंतरच्या हंगामात ती गेली, या वेळी गावात नाही, तर त्या तीन घरांतल्या कोयत्यांच्या मागे थेट उसाच्या फडात, म्हाताऱ्यांनी सांगितलेले आकडे लिहून घेऊन.